तूस

दुपारी दोन वाजले की बंद पडूलालंय बघ,
इरण्णाशेठ फोनवर सांगतात, व्हायरस शिरला असंल.
येते म्हणते मी.
व्हायरस घड्याळ बघून येत नाही, हे पोटातच ठेवते.

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, एप्रिलचा शेवट.
स्कूटीच्या सीटवर ओलं फडकं टाकलं होतं,
ते पोचेपर्यंत पापडासारखं वाळलं.
दारातच माग कानात शिरतात.
चोवीस माग. सातवा लंगडतोय.
हे मला कुणी शिकवलेलं नाही,
जॉबरच्या घरात वाढलं की ऐकू येतं.

ऑफिस म्हणजे प्लायवूडची पेटी.
टेबलाखाली, चपलांशेजारी, डिझाइनचा कॉम्प्युटर.
त्यात मोर आहेत, कमळं आहेत,
आणि एक अर्धा वाघ,
ऑर्डर रद्द झाली तेव्हापासून मागच्या पायांवाचून उभा.
डब्याला हात लावला. तवा.

वायर काढली. बटण दाबून धरलं,
उरलीसुरली वीज जाऊ दे.
दोन स्क्रू. पत्रा सरकवला
आणि तशीच उकिडवी बसून राहिले.

धूळ मी ओळखते.
पतपेढीतली राखाडी, शाळेतली खडूची,
विडीच्या कारखान्यातली, जिच्यानं दिवसभर शिंका.
हे कापड होतं.
पंख्यामागे, ॲल्युमिनियमच्या फण्यांत,
वाऱ्यानं आपल्या आपण थापलेलं:
खाली हिरवं, वर तांबडं, मधे बोटभर पांढरं.
चिमट्यानं कोपरा उचलला
तर सगळं एका तुकड्यात आलं, झोपलेल्या पोराच्या दुपट्यासारखं.

मग नेहमीचं काम.
ब्लोअर सोडताना पात्यावर बोट ठेवायचं,
मोकळं पातं भिरभिरतं, बेअरिंग खातं.
रंगाच्या ब्रशनं एकेक पात्याची पाठ.
वाळलेली पेस्ट खरवडून नवी, तांदळाच्या दाण्याएवढी.
स्टिकर अर्धं उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब.
एकच.
दुसरा टाकायचा मोह होतो, टाकायचा नाही.

सुरू केला. शहाण्णव होतं, एकसष्टवर आलं.
पंखा फिरतोय का हे बघायला वाकावं लागलं.
यन्नम जॉबरची पोरगी ना गं तू, शेठ म्हणाले,
तीनशे दिले, वर एक डागी टॉवेल.
म्हटलं, ह्याला दोन विटांवर ठेवा, फरशीवरची तूस ओढतो.
महिन्यातनं एकदा उघडायचा.
हो हो, म्हणाले. माग बघायला गेले.

तो तुकडा मी पावतीपुस्तकात दाबून घरी आणला.
कशाला, ते तेव्हा कळलं नव्हतं.

नान्ना हल्ली बसूनच झोपतात,
तीन उशा, खिडकी उघडी.
हातात दिला. डोळे मिटून
अंगठ्यानं चोळला, बराच वेळ,
चिल्लर मोजावी तसा.
हिरवा आधी, म्हणाले. मग सुट्टी पडली असणार.
मग म्हणाले, काडी दे.

बशीत टाकून पेटवलं.
सुती असतं तर राख झाली असती, मऊ, फुंकरीनं उडणारी.
हे आकसलं, वास सुटला,
आणि बशीत एक काळा टणक मणी उरला.
पॉलिस्टर, नान्ना म्हणाले.
शंभर टक्के सुती म्हणून छापतो की रे इरण्णा!
आणि हसायला लागले.
हसण्याचा खोकला झाला, खोकल्याचा पुन्हा हसू,
मी पाठीवर तळहात धरून बसले
पातं धरावं तसा, फार दाबायचं नाही.

मणी अजून बशीत आहे. अम्मानं दोनदा विचारलं, टाकू का.
पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला परत जायचंय.
विटा ठेवल्या नसतील.